ताईच्या नावाची बीअर

डोळे मिटलेत, पण कूलरचा आवाज येतोय. रविवारची दुपार आहे, चैत्राचं ऊन पडद्याच्या फटीतून फरशीवर आलंय, आणि पलंग तापलाय म्हणून मी खाली चटई टाकून पडलोय. बायको तिच्या बहिणीकडे गेलीय. घरात मी एकटा. झोप येते, अगदी जवळ येते, आणि ती आत शिरणार एवढ्यात मला दाजींचं कालचं वाक्य ऐकू येतं. मग मी पुन्हा जागा होतो.

"शेवटी शेवटी जिभेला चव राहिली नव्हती बिचारीच्या."

कूस बदलली तरी ते ऐकू येतंच.

हे वाक्य कुणाबद्दल आणि का, ते आधी सांगायला हवं. माझी मोठी बहीण वैजयंती. आम्ही औरंगाबादचे, आणि इथल्याच एका माल्टच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. सातू भिजवायचे, मोड आणायचे, मग भट्टीत वाळवायचे, की झाला माल्ट. त्यातला कुठला चांगला आणि कुठला टाकाऊ हे ठरवणं ताईचं काम. तिथूनच तिला बीअर करायचा नाद लागला. तिचा फ्लॅट लहान, आणि सासूबाई होत्या तोवर तिकडे असलं काही शक्यच नव्हतं. म्हणून ती आमच्या घराच्या मागच्या खोलीत बीअर करायची. नातेवाईक विचारायचे, एवढी मोठी पातेली कशाला गं लागतात? ती सांगायची, काढे करते, सांधेदुखीवर. आणि आमच्या एका काकांनी खरंच एकदा मागितला होता काढा.

दर वर्षी तिच्या वाढदिवसाला नवीन बीअर उघडायची. चौघेच असायचो. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख साळवे सर, तिच्याबरोबर काम करणारी प्रमिला, आणि मी. ग्लास आमच्या हातात देऊन ती स्वतः न पिता उभी राहायची. आमच्या तोंडांकडे बघत. आम्ही काय बोलतो याकडे तिचं लक्ष नसायचं, पहिला घोट घेतल्यावर भुवया काय करतात तेवढं ती बघायची.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर ताई गेली. कर्करोग. केमो सुरू झाल्यापासून ती आमच्याकडे यायची ती नुसती पडून राहायला, मागच्या खोलीत तिनं पाऊल टाकलं नव्हतं.

दहावा करून परत येताना गाडीत दाजींनी मला विचारलं, "निरंजन, तिच्या हातची एखादी बाटली उरली असेल का रे तुझ्याकडे?" मी गाडी चालवत होतो. त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती. मी म्हणालो, "आहेत की."

एकही नव्हती. होती नव्हती ती सगळी आदल्या वाढदिवसालाच संपली होती. मला वाटलं, दुःखात विचारलंय, विसरून जातील. ते विसरले नाहीत. होळी झाली आणि त्यांचा फोन आला. "तिच्या वाढदिवसालाच उघडू. सरांना आणि प्रमिलाला मी सांगतो."

मग मी बीअर केली. तिच्याच पातेल्यांत, तिच्याच जुन्या फ्रीजमध्ये आंबवून. इतकी वर्षं तिला करताना पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे आलं, असं मला वाटत होतं. माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि तिथे येणारी माणसंही तसंच म्हणतात, दिसतंय की सगळं, नंबर कशाला काढता?

बीअर पाणचट झाली. ग्लासात ओतली की फेस साबणाच्या पाण्यासारखा यायचा आणि लगेच बसायचा. कडू नाही, गोड नाही, तोंडात काही रेंगाळतच नाही. पण तारीख आली होती. मी बाटल्या भरल्या, ताई चिकटवायची तशी पांढरी पट्टी प्रत्येकीवर चिकटवली, आणि तिच्यासारखं तिरपं अक्षर काढून तिचं नाव लिहिलं.

काल संध्याकाळी तिघं आले. साळवे सरांनी घोट तोंडात जरा जास्तच वेळ धरला, गिळला, आणि खिडकीबाहेर पाहिलं. प्रमिला म्हणाली, "छान हलकी आहे, उन्हाळ्याला बरी." दाजींनी अख्खा ग्लास एका दमात संपवला, खाली ठेवला, आणि ते वाक्य म्हणाले.

सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "केमोमध्ये होतं असं. तरी तिनं केली, हेच खूप." प्रमिलानं चष्मा काढून डोळे पुसले.

तेव्हा बोलायचं होतं. मी काय केलं? उठलो आणि सगळ्यांचे ग्लास पुन्हा भरले.

कूलर आता वेगळा आवाज करतोय. पाणी संपत आलं की करतो तसा. उठून पाणी घालायला हवं, असं मी स्वतःला सांगतो, आणि उठतोही. पाय जड आहेत. बादली घ्यायला मागच्या खोलीकडे वळतो. दार उघडंच आहे.

ताई स्टुलावर बसलीय. मांडीवर सूप, सुपात सातू. तांदूळ निवडावेत तसे ती खडे काढतेय. आजारपणाच्या आधीची तिची जाड वेणी पाठीवर आहे. ती गेलीय हे मला पक्कं ठाऊक आहे, पण ते तिच्यासमोर काढणं बरं दिसणार नाही, असं वाटतं.

"झोपला होतास?" ती विचारते.

"नाही. नुसता पडलो होतो."

"जेवलास काय?"

"वांग्याची भाजी. कालचीच."

ती मान हलवते. एक खडा काढून खिडकीतून बाहेर टाकते. मग नाक वर करून हवेत हुंगते.

"घरात बीअरचा वास येतोय. कुणी केली रे?"

आता सांगायचं. एवढंच तर सांगायचं आहे, आणि विचारणारी ती आहे. मी तोंड उघडतो.

"तुझीच आहे," मी म्हणतो.

"माझी?"

"तुझीच."

तिच्या हातात ग्लास आहे. मी दिला की आधीपासून होता, मला सांगता येत नाही. ती तो उजेडाला धरते, तिरका करते, नाकाशी नेते. मग घोट घेते. आता मी उभा आहे आणि तिच्या भुवयांकडे बघतोय.

भुवया हलत नाहीत.

"मिळमिळीत आहे रे," ती म्हणते. आणखी एक घोट. "हिला अंगच नाही. पेजेवरचं पाणी प्यायल्यासारखं वाटतंय. खरंच मी केली?"

"हो."

"कधी?"

"आजारपणात."

"मला आठवत कसं नाही?"

"औषधांच्या गुंगीत होतीस. कसं आठवेल?"

हे मी तिच्या तोंडावर म्हणतो. शांतपणे, समजूत घालावी तसं.

ती माझ्यावर विश्वास ठेवते. मला वाटलं होतं, हसेल, म्हणेल, चल, खोटारड्या. पण ती ग्लासात बघत राहते, आणि मग हळूच त्याच्यावर तळहात ठेवते. कुणाला दिसू नये असं काही झाकावं तसा.

"कुणी कुणी प्यायली?"

"सगळ्यांनीच."

"सरांनी पण?"

"हो."

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

"काहीच नाही?" ती खाली बघते. "म्हणजे त्यांना कळलं."

ती पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेते. बाहेर एवढं ऊन आहे. ताईला शरमलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. चूक झाली की ती मोठ्यानं हसायची आणि पुन्हा करायला घ्यायची. ही मान खाली घातलेली बाई कोण आहे? हिला असं मी केलंय.

ती मागे रेलते. स्टुलाला पाठ नव्हती, आता आहे. हिरव्या रेग्झिनची, हात ठेवायला जागा असलेली, हॉस्पिटलातल्या केमोच्या खोलीतली खुर्ची. शेजारी तशाच खुर्च्यांची रांग आहे आणि सगळ्या रिकाम्या. तिच्या डोक्यावर लोखंडी दांडीला बाटली उलटी टांगलीय, पांढरी पट्टी चिकटवलेली. नळीतून फिकट पिवळं पाणी थेंबाथेंबानं तिच्या मनगटात उतरतंय. पट्टीवरचं तिरपं अक्षर माझं आहे. ते तिला वाचता येऊ नये म्हणून मी बाटली भिंतीकडे वळवतो.

"यातून अंगात काही शिरतंय असं वाटत नाही," ती म्हणते. "काढ ते."

मी सुई काढतो. रक्त येत नाही. ती उठून साडीच्या निऱ्या नीट करते.

"चल. झालं ते झालं. आधी कुठे बिघडली ते बघू."

खोलीच्या टोकाला आमची शेगडी आहे, तिच्यावर मोठं पातेलं. ती पातेल्यात डोकावते, आणि मला विचारते. तिनं काय केलं होतं, ते मला विचारते.

"माल्टची भरड भिजवली तेव्हा पाणी किती गरम होतं?"

"कमी होतं. भरड जळेल म्हणून गॅस लवकर बंद केला."

"मी बंद केला?"

मी मान हलवतो.

"अरे, मग काय होणार? कमी आचेवर भरडीतला सगळा स्टार्च साध्या साखरेत उतरतो. यीस्ट ती सगळी खाऊन टाकतं, मागे काही ठेवत नाही. जरा जास्त गरम ठेवलं की यीस्टला न पचणारं थोडं उरतं, त्यानंच बीअर जाड लागते. हे मी नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात सांगायचे." ती कपाळाला हात लावते. "बरं. माल्ट किती घेतला?"

"कमी पडला."

"मग?"

"साखर घातली. किराण्यातली."

"साखर?" तिचा आवाज बारीक होतो. "साखरेनं नशा वाढते, चव नाही वाढत. मी साखर घातली?"

"आणि वरून पाणी."

"पाणी कशाला?"

"बाटल्या पुराव्यात म्हणून."

ती पातेल्यावर झाकण ठेवते. मग विचारते, "आणि हॉप्स?"

हॉप्स म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणारी ती हिरवी फुलं.

"फ्रीजरमध्ये जुनी पुडी होती. तोंड उघडंच राहिलं होतं."

"म्हणजे नुसता पालापाचोळा. वास उडून गेलेला."

प्रत्येक उत्तर खरं आहे. फक्त माणूस चुकीचा आहे. आणि प्रत्येक उत्तरासरशी ताई थोडी लहान होतेय. आधी बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, मग ब्लाउजच्या बाह्या सैल होतात, मग पदर जमिनीवर लोळायला लागतो. मला दिसतंय. तरी मी थांबत नाही. तिनं विचारलं की मी सांगतो, आणि तिच्या नावावर टाकतो.

"कसं गं सुधारायचं?" मी विचारतो. तेवढंच मला आता जमण्यासारखं आहे. बीअर सुधारली तर कदाचित बाकीचं सांगावं लागणार नाही.

"उरलीय का काही?"

"अर्धा ड्रम आहे फ्रीजमध्ये."

"मग होईल. चपला काढ."

ती पलीकडचं दार ढकलते. पलीकडे तिचा कारखाना आहे, मोड आणायची लांबच लांब फरशी. घोट्यापर्यंत ओले सातू पसरलेत. प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब फुटलाय. हवेत कोवळ्या काकडीचा वास आहे. आम्ही अनवाणी चालतो. दाणे कोमट आहेत, जिवंत असल्यासारखे पायाखाली हलतात. ताई आता माझ्या खांद्यापर्यंतच येते. ती वाकून मूठ भरते आणि माझ्या सदऱ्याच्या ओच्यात टाकते.

"नीट ऐक. बाटलीत गेलेल्याला काही करू नकोस, तिथे उशीर झाला. ड्रममध्ये आहे तिच्यासाठी वेगळी छोटी खेप लाव. पाणी थोडं, माल्ट भरपूर. आच जरा चढी ठेव, आणि घाबरू नकोस, भरड अशी जळत नाही. त्यात मूठभर ओट्स टाक, त्यानं गुळगुळीत होते. आणि हे थोडं."

ती माझ्या तळहातावर काळे, भाजलेले दाणे ठेवते. मी एक चावतो. करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा लागतो, आणि मागाहून कॉफीसारखा.

"हे जास्त नाही घालायचं, नाहीतर दुसरं काही लागणारच नाही. उकळून, गार करून, ती जाड खेप ड्रममधल्या पातळ बीअरमध्ये मिसळ. यीस्ट पुन्हा कामाला लागेल. ते थांबेपर्यंत हात लावायचा नाही. शेवटी ताजे हॉप्स मलमलच्या फडक्यात बांधून आत सोड, दोनतीन दिवस. चहात मसाल्याची पुरचुंडी सोडावी तसे."

"एवढ्यानं होईल?"

"पहिल्यापासून नीट केलेलीसारखी नाही होणार. पण पिणाऱ्याला आपली कीव येणार नाही, इतपत होईल."

कीव हा शब्द ती सहज म्हणते. मी ओच्यातल्या दाण्यांकडे बघतो.

"मग पुन्हा बोलाव सगळ्यांना," ती म्हणते. "आणि सरांना सांग, ताईची चूक झाली होती. माझ्या वतीनं माफी माग. ह्यांना पण सांग. ह्यांनी संपवला असेल ना सगळा ग्लास?"

"एका दमात."

"ते तसेच. काय वाटलं असेल त्यांना."

ओले दाणे संपतात आणि काचेचं दार येतं. माझ्या दुकानाचं. आत तिघं बाकावर बसलेत, दाजी, सर, प्रमिला, नंबर काढायला आलेल्या गिऱ्हाइकांसारखे, हात मांडीवर ठेवून. ते आमच्याकडे बघत नाहीत. ताई डोळे तपासायच्या खुर्चीवर चढून बसते. तिचे पाय खाली टेकत नाहीत. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता उजळतो.

ती ग्लास डोळ्यांसमोर धरते, आणि बीअरमधून वाचायला लागते. मोठं अक्षर, मग त्याखालची ओळ, मग त्याखालची. शाळेतल्या मुलीसारखी, खणखणीत. शेवटची बारीक ओळ, जी माझ्या दुकानात चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही जेमतेम जमते, तीही ती बीअरमधून न अडखळता वाचते.

ग्लास खाली येतो.

"आरपार दिसतंय रे, निरू. असं कसं केलं मी?"

बाकावरचे तिघं मान खाली घालतात.

"माझी जीभ गेली होती का?" ती विचारते. "मला कसं कळलं नाही? तुला माहीत होतं? बघ ना जरा."

ती तोंड उघडून जीभ बाहेर काढते, लहान मूल डॉक्टरांसमोर काढतं तशी. मला बघावं लागतं. मी डोळ्यांचा माणूस, माझ्या हातात डोळे बघायची छोटी बॅटरी आहे, ती मी तिच्या जिभेवर धरतो. जीभ गुलाबी आहे, स्वच्छ, तिला काहीही झालेलं नाही.

"चांगली आहे," मी म्हणतो.

"नीट बघ."

"बघितली, ताई. चांगली आहे."

"मग?"

मला बॅटरी बंद करता येत नाही. बटण सापडत नाही.

दुकानातला फोन वाजतो. माझ्या दुकानात असा फोन कधीच नव्हता, काळा, जड, गोल तबकडीचा. तो काउंटरवर थरथरत वाजतोय.

"घे की," ताई म्हणते. "गिऱ्हाईक असेल."

मी रिसीव्हर उचलतो. पलीकडे कुणी बोलत नाही, फक्त श्वास ऐकू येतो. मी ताईकडे पाठ करतो. तिच्या तोंडावर जे बोलता आलं नाही, ते मी या फोनमध्ये बोलतो.

"ती बीअर ताईची नव्हती. मी केली. तिची एकही बाटली नव्हती उरलेली. मी उगाच आहे म्हणालो, आणि मग मागे फिरता आलं नाही. साखर मी घातली. पाणी मी घातलं. पट्टीवरचं अक्षरही माझं. तिनं आजारपणात मागच्या खोलीत पायसुद्धा ठेवला नाही. तिनं आयुष्यात असली बीअर केली नाही. काल सगळे तिची कीव करत होते आणि मी ऐकत बसलो. ताई आता इथे बसलीय, आणि तिला वाटतंय की तिची जीभ गेली होती. मी तिलाही खोटं सांगितलं. मला लाज वाटते. तिच्याकडे बघवत नाही."

श्वास थांबतो. पुन्हा सुरू होतो.

मी वळतो. बाक रिकामं आहे. ताई खुर्चीतून खाली उतरलीय, आणि तिचे पाय जमिनीला टेकलेत. ती पुन्हा माझ्याहून उंच आहे, लहानपणी होती तशी. ती ग्लासातला राहिलेला घोट पिते. तोंडात फिरवते. गिळते.

"म्हणजे तू केलीस," ती म्हणते.

"हो."

"माझी पहिली तर मी मोरीत ओतली होती. तुझी निदान पिता तरी आली."

मला हसू येत नाही. तिलाही येत नाही. माझ्या ओच्यातून दाणे फरशीवर सांडताहेत, त्यांचा टपटप आवाज होतोय. ती ते उचलायला खाली बसते, एकेक, आणि वर न बघता विचारते,

"केलीस तर केलीस. पण माझं नाव कशाला लावलंस रे?"

मी तिच्याशेजारी बसतो. दाणे उचलायला हात पुढे करतो, तर फरशी कोरडी आहे, तापलेली, आणि तिच्यावर उन्हाची एक पट्टी आहे.

मी चटईवर आहे. पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन आता माझ्या हातावर आलंय. गाल ओला झालाय, उजवा कान दुखतोय. कानाखाली काहीतरी टणक आणि गरम आहे.

त्याच्यातून आवाज येतो.

"हॅलो. निरंजन?"

मोबाईल. स्क्रीनवर दाजींचं नाव, आणि कॉल चालू आहे. त्यांचा फोन आला असणार, आणि मी झोपेतच घेतला असणार. कधी, ते मला माहीत नाही.

"दाजी," मी म्हणतो.

"ऐकतोय मी."

"केव्हापासून?"

"तू घेतलास तेव्हापासून. आधी वाटलं, दुसऱ्या कुणाशी बोलतोयस. मग ठेवावासा वाटेना."

त्यांच्या घरचा पंखा मला इथून ऐकू येतो.

"कुणाशी बोलत होतास?"

"ताईशी."

ते खुर्ची ओढून बसल्याचा आवाज येतो. मग विचारतात, "काय म्हणाली?"

"मिळमिळीत आहे म्हणाली. अंगच नाही म्हणाली."

त्यांच्या नाकातून एक आवाज येतो. हसू असेल. नसेलही.

"तिनं केली नव्हती," ते म्हणतात.

"नाही."

"म्हणजे तिची चव गेली नव्हती?"

हो म्हणायचा मोह होतो. किती सोपं आहे. त्यांना बरं वाटेल. याच्याआधीही त्यांना बरं वाटावं म्हणूनच मी हो म्हणालो होतो.

"ते मला माहीत नाही, दाजी. केमोमध्ये गेलीही असेल. मी कधी विचारलं नाही तिला. पण कालच्या बीअरशी तिचा काही संबंध नव्हता. एवढंच मला माहीत आहे."

"रात्रभर मी तेच डोक्यात घेऊन बसलो होतो," दाजी म्हणतात. "की तिला चव लागत नव्हती, तरी आमच्यासाठी करत बसली. आणि मला एकदाही कळलं नाही."

मी चटईवर उठून बसतो.

"काल निघताना एक बाटली उचलून आणली मी," ते सांगतात. "तुला न विचारता. पिशवीत घातली. फ्रीजमध्ये ठेवायची की बाहेर, एवढंच विचारायला फोन केला होता. आता तिच्या फोटोपुढे ठेवलीय."

"काढा ती तिथून, दाजी. ओतून टाका."

"मी नाही ओतणार. तू ये आणि तुझ्या हातानं उचल."

आवाज चढलेला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"येतो. आत्ता निघतो."

"आणि सरांना न् प्रमिलाला तू सांगायचंस. मी सांगणार नाही."

"हो."

"काल त्या दोघांसमोर काय बोलून बसलो मी तिच्याबद्दल," ते म्हणतात, आणि फोन ठेवतात.

मी उठून मोरीत तोंडावर पाणी मारतो. आरशात उजव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, मोबाईलच्या कडेचा लाल वळ उमटलाय. सरळ, पट्टीनं आखल्यासारखा. मी तो ओल्या हातानं घासतो. जात नाही.

तसाच चपला पायात सरकवतो, दाराला कुलूप घालतो, आणि पायऱ्या उतरता उतरता साळवे सरांचा नंबर लावतो. फोन कानाला लागला की वळ चुरचुरतो. दुसऱ्या रिंगलाच सर उचलतात.

"बोल निरंजन," ते म्हणतात, "आत्ताच प्रमिलाशी वैजयंतीबद्दलच बोलत होतो."

"सर," मी म्हणतो, "एक मिनिट. आधी माझं ऐका."